पहिला महिना काहीही विकत घेऊ नका: नागपूरच्या घरात हिरव्या सवयी लावताना

घर पर्यावरणपूरक करायचं म्हटलं की आपण आधी दुकान गाठतो. मीही गाठलं होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बारा कुंड्या, बांबूचे ब्रश, काचेच्या बरण्या आणि ऑनलाइन मागवलेला खताचा एक रंगीत डबा, एवढं सगळं घरी आलं. नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) लागेपर्यंत बारातल्या नऊ कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि खताच्या डब्यात सासूबाई कांदे ठेवू लागल्या होत्या. कांदे छान टिकले, भोकं होती ना त्याला.

तेव्हा राजेहो, पहिला नियम हा: पहिला महिना एक रुपयाही खर्च करायचा नाही. दुसरा नियम नागपूरपुरता. इथे प्रत्येक कामाला त्याचा महिना असतो. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून मे महिन्यात रोपं लावलीत तर माझ्यासारखंच होईल.

पायरी 1: आधी नुसतं बघा

महावितरणचं बिल काढा. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, पण तो आपण कधी वाचत नाही, फक्त रक्कम बघतो. फेब्रुवारीचे युनिट आणि मेचे युनिट शेजारी शेजारी लिहा. आमच्याकडे फेब्रुवारीत 140 होते, मेमध्ये 410. मधला सगळा फरक थंडाव्याचा. म्हणजे नागपुरात वीज वाचवायची तर दिव्यांच्या मागे लागून फारसं हाती येत नाही, उन्हाळ्यालाच हात घालावा लागतो. घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात आणि टप्पा ओलांडला की वरच्या युनिटांना चढा दर लागतो. 310 वर असलेल्या घराला 295 वर येणं सोपं असतं, तिथून सुरुवात करा.

ही वीज बव्हंशी कोळशाची आहे. कोराडीच्या देवीला जाताना जी धुरांडी दिसतात ती याच कामाची.

मग आठवडाभर कचरा तोला. कबाडीवाला वापरतो तसला आकड्याचा काटा शेजारीपाजारी कुणाकडे तरी असतोच. सालं-देठं वेगळी तोला, बाकीचं वेगळं. चार माणसांच्या घरात निम्म्याहून जास्त वजन ओल्या कचऱ्याचं निघतं, हे स्वतः तोलल्याशिवाय पटत नाही.

पायरी 2: चार डबे, तेही जुने

ओला, सुका, सॅनिटरी आणि घातक. घातकमध्ये सेल, ट्यूबलाइट, संपलेल्या औषधांच्या पट्ट्या, डास मारायच्या लिक्विडच्या बाटल्या. याला जुनी बुटांची खोकीसुद्धा चालते, कारण महिनोन्महिने ती भरत नाही. डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेनाने ठळक खूण करा. गाडीवरच्या माणसाला हात घालण्याआधी कळलं पाहिजे.

सुक्याचा एकच नियम: दुधाची पिशवी, दह्याचा डबा, सॉसचं पाऊच विसळून, वाळवून टाकायचं. कबाडी स्वच्छ माल आनंदाने नेतो, चिकट माल बघून तोंड फिरवतो.

लोक हमखास विचारतात, "आपण वेगळं करतो, पण पुढे सगळं एकत्रच होतं ना?" होत असेलही. म्हणूनच मी म्हणते, सुकं कबाडीला द्या आणि ओलं घराबाहेर जाऊच देऊ नका. मग एकत्र व्हायला उरतं काय? भांडेवाडीच्या कचरा डेपोत ढिगाऱ्याखाली दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, तो मिथेन सोडत कुजतो, आणि उन्हाळ्यात कचऱ्याचे ढीग धुमसतात ते या वायूमुळेही. तीच सालं आपल्या माठात, हवेवर कुजली की खत होतं.

पायरी 3: खत, म्हणजे खरं तर पानं

या पायरीवर सगळ्यात जास्त लोक हरतात, म्हणून जरा थांबून सांगते.

रंगाच्या 20 लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या घ्या, पेंटर फुकट देतो. बुडाला आणि चारी बाजूंनी गरम खिळ्याने बोटभर अंतरावर भोकं पाडा. फुटका माठही चालतो, माझा एक माठच आहे. सावलीत दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा लागेल. बुडाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर वितभर वाळकी पानं.

रोजचा ओला कचरा त्यात टाका आणि त्यावर तेवढीच, शक्यतो थोडी जास्तच, वाळकी पानं. विरजणासाठी मूठभर जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक. दर तीन-चार दिवसांनी काठीने खालीवर करा. ओल तपासायची तर मूठभर उचलून पिळा. एक-दोन थेंब पडले तर बरोबर, धार लागली तर पानं कमी आहेत, काहीच आलं नाही तर पाण्याचा हबका मारा. मेमध्ये आपल्याकडे माठ दोन दिवसांत खडखडीत वाळतो आणि सगळं काम थांबतं. खराब होत नाही, नुसतं झोपतं. पहिली बादली भरली की ती झाकून ठेवायची, दुसरी सुरू करायची. दीड-दोन महिन्यांत पहिलीतलं काळं, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचं झालं की चाळून घ्या.

सांबाराच्या (म्हणजे कोथिंबिरीच्या) काड्या, आलूची सालं, चहाचा चोथा, वांग्याचे देठ, निर्माल्य, सगळं चालतं. सावजी रस्सा, हाडं आणि तेलकट उरलंसुरलं मात्र सुरुवातीचे सहा महिने नको.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी जूनपर्यंत सुरेख चाललं. जुलैत झड लागली, माझ्याकडची पानं संपली आणि मी नुसता ओला कचराच टाकत राहिले. एका सकाळी दार उघडलं तर माठातून राखाडी, बोटाच्या पेराएवढ्या अळ्यांची वरात निघालेली, भिंतीवरून थेट शेजारच्या काकूंच्या तुळशीवृंदावनाकडे. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त दोन दिवस माझ्याकडे बघायचं टाळलं. या काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात. पण हे काकूंना कोण सांगणार! उपाय साधा होता: कोरडी पानं भरपूर, वर कडुनिंबाच्या पाल्याचा थर, तोंडाला फडकं बांधायचं.

म्हणून पानांची बेगमी फाल्गुनातच करायची. होळीच्या आसपास आपल्या गल्ल्यांमध्ये कडुनिंबाच्या पानांचा सडा पडतो. सकाळी झाडून लोक त्याला काडी लावतात आणि धूर सगळ्यांच्या नाकात जातो. त्याआधी आपला झाडू पोचला पाहिजे. तांदळाचे रिकामे कट्टे घ्या, दाबून भरा, जिन्याखाली ठेवा. एका घराला वर्षाला सहा-सात कट्टे पुरतात. वाटल्यास माझ्या सगळ्या पायऱ्या विसरा, पण हे कट्टे भरा.

पायरी 4: संत्र्याच्या सालांचं काय करायचं

नागपूरकर थंडीत घरी संत्री किलोने नाही, डझनाने आणि कधी पेटीने आणतात. ही सालं खताच्या माठात थोडी चालतात, ढीगभर टाकली तर आंबटपणाने सगळं सुस्तावतं, आणि गांडुळांना तर ती मुळीच आवडत नाहीत. त्यांचं फरशी पुसायचं पाणी करा. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी. म्हणजे 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम सालं, एक लिटर पाणी. स्वस्तातला काळपट गूळ उत्तम.

दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, काचेची मुळीच नको, आणि वरचा भाग रिकामा ठेवा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. मी एकदा तीन दिवस लग्नाला अमरावतीला गेले. परतल्यावर झाकणाला नुसता हात लावला, ते छताला जाऊन आपटलं आणि सालं पंख्यावर. पंखा पुसायला दुसरं काही नव्हतं, तेच पाणी वापरलं, आणि पंखा चकाचक झाला हे सांगायलाच हवं.

तीन महिन्यांनी गाळून घ्या. अर्ध्या बादलीला दोन-तीन झाकणं पुरतात. संगमरवर, कोटा आणि शहाबादी फरशीवर वापरू नका, हे पाणी आम्ल असतं, चुनखडीचा दगड खातं. ब्लीचिंगमध्ये तर कधीच मिसळू नका. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन बाटल्या दोन बहारांना लावल्या की वर्षभराचं फरशीचं लिक्विड सुटतं.

पायरी 5: उन्हाळा

23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले. अशा शहरात "एसी लावू नका" हा उपदेश मी करणार नाही, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर नक्कीच नाही. मात्र एसी लावण्याआधी दोन गोष्टी करता येतात.

पहिली, स्लॅब पांढरा करा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना ठाऊक आहे, रात्री अकरालासुद्धा छत भाकरीच्या तव्यासारखं तापलेलं असतं. दिवसभर काँक्रीटने शोषलेली उष्णता रात्री आपल्या अंगावर उतरते. उन्हाची किरणं शोषण्याआधीच परतवली तर हा त्रास बराच कमी होतो. विझवलेला चुना रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, त्यात थोडं फेविकॉल घाला म्हणजे पावडर सुटत नाही, आणि मार्चमध्ये संध्याकाळी दोन हात मारा. त्याआधी स्लॅब खराट्याने घासून धुवा. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, चुना पोळतो. पावसात बराच धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो. महाग पांढरा रंग तीन-चार वर्षं टिकतो, पण तो पुढे कधी.

दुसरी, कूलर नीट वापरा. नागपूरकराला कूलर शिकवायचा म्हणजे धाडसच, तरी बघा. कूलर 150 ते 250 वॅटमध्ये भागवतो, दीड टनाचा एसी तापलेल्या दुपारी दीड हजाराच्या आसपास घेतो. कूलरची सगळी जादू कोरड्या हवेत आहे: पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते. म्हणून समोरची खिडकी उघडी हवी. खिडक्या बंद करून कूलर लावणाऱ्यांच्या घरात तासाभरात हवा ओली होते, अंग चिकचिकतं आणि मग "कूलर काही कामाचा नाही" असं ठरतं. खरोखर तो कामाचा नसतो मृगाचा पाऊस आल्यावर. तेव्हा पंप बंद करा, नुसता पंखा वापरा.

कूलरच्या ताट्या, म्हणजे बाजूचे ओले होणारे पॅड, वाळ्याच्या घ्या. सुगंध हा एक भाग, दुसरं म्हणजे हंगाम संपल्यावर त्या झटकून, धुऊन खताच्या माठात जातात. मधमाशीच्या पोळ्यासारखे जाड पुठ्ठ्याचे पॅड जास्त टिकतात, पण नंतर त्यांचं काहीच होत नाही.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, नुसती रिकामी नाही. डेंग्यूच्या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पाणी भरलं की फुटतात. नारळाच्या शेंडीने ती रेषा घासा. हे पाणी क्षारांनी जड झालेलं असतं, त्याने अंगण धुवा, तुळशीला घालू नका.

एसी असेलच तर 26 वर ठेवून सोबत पंखा लावा. 18 वर ठेवून ब्लँकेट घेणारेही नागपुरात आहेत, त्यांना काय सांगायचं!

पिण्याच्या पाण्याला माठ. नवा माठ आणला की एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, बाहेरून तेलकट हात लावू नका. छिद्रं बुजली की गारवा गेला. फ्रीजमधल्या आठ बाटल्या कमी झाल्या आणि दार शंभरदा उघडणं थांबलं की फरक बिलातही दिसतो.

पायरी 6: पंखा

दिवे तुम्ही एव्हाना एलईडी केलेच असतील. पंखे राहिले असतील. जुना पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) 30 च्या आसपास. दिवसाला 16 तास धरले तर महिन्याला जुना 36 युनिट, नवा साडेचौदा. आपल्याकडे पंखा मार्च ते ऑक्टोबर थांबतच नाही. तरी सगळे एकदम बदलू नका. जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी, आणि शक्यतो जुना बिघडल्यावर.

पायरी 7: पेंचचं पाणी

आपल्या नळाला मुख्यतः पेंच आणि कन्हानचं पाणी येतं. 2019 साली पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं आणि जुलैत शहरात दिवसाआड पाणी आलं, तेव्हा सगळ्यांनी बादल्या मोजल्या होत्या. नंतर विसरलो.

घरातला सगळ्यात मोठा पाणीचोर बहुधा आरओ. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर नाल्यात. आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं साधं यंत्र कुणाकडून मागून आणा. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली योग्य मर्यादा 500 मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. नळाचं पाणी त्याच्या आत असेल तर क्षार काढायची गरज नाही, जंतू मारणारा यूव्ही फिल्टर पुरतो. बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी, आरओ ठेवा, पण त्याची टाकाऊ नळी बादलीत सोडा आणि ते पाणी संडासात किंवा लादी पुसायला वापरा.

धान्य-भाज्या धुतलेलं पाणी गंजात (पातेल्यात) साठवून कुंड्यांना. एवढं केलं तरी नवख्याला पुष्कळ.

पायरी 8: पन्नी आणि तर्री

120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर 31 डिसेंबर 2022 पासून देशभर बंदी आहे, आणि महाराष्ट्रात तर 2018 पासूनच प्लॅस्टिकबंदी आहे. तरी बुधवारी बाजारात अर्धा पाव सांबार घ्या, पन्नी येतेच. भांडून उपयोग नाही. गाडीच्या डिक्कीत दोन कापडी पिशव्या आणि आतमध्ये भाजीगणिक जुन्या ओढणीच्या छोट्या थैल्या ठेवल्या की भाजीवालीच म्हणते, "आण मा, इकडे कर."

जिथे मी खरंच हट्ट धरते ती जागा तर्री-पोह्यांची, तर्री म्हणजे पोह्यांवरचा तिखट रस्सा. उकळती तर्री पातळ पन्नीत बांधून आणणं तब्येतीलाही वाईट. स्टीलचा डबा न्या. पहिल्या वेळी ठेलेवाला हसतो, तिसऱ्या वेळी डबा बघून जास्त तर्री घालतो.

उरलेली तर्री, तळणाचं तेल मोरीत ओतू नका. ते गडर लाइनमध्ये (गटाराच्या पाइपात) थिजून लाइन तुंबवतं, आणि जे पुढे जातं ते नाग नदीला. कढई आणि ताटं धुण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या. साबण अर्धा लागतो, पाणी त्याहून कमी. सावजी केलं त्या रात्री हे करून बघाच.

गणपतीची मूर्ती चितार ओळीत घ्यायला जाल तेव्हा "मातीची आहे का" एवढंच विचारू नका, मूर्तीच्या मागच्या, न रंगवलेल्या भागाला ओलं बोट लावून बघा. बोटाला माती लागली तर खरी. विसर्जन घरी बादलीत, ते पाणी पारिजातकाला.

पायरी 9: पावसाळा आणि सोलर, म्हणजे आता खर्च

वर्षभर वरचं जमलं तर इथे या.

नागपुरात वर्षाला साधारण 1,100 मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर म्हणजे सुमारे एक लाख लिटर, गळती-बाष्प वजा जाता 80 हजार हाती लागतं. घरात जुनी विहीर असेल तर तुम्ही नशीबवान, पन्हाळीचा पाइप वाळू-गिट्टी-कोळशाच्या गाळणीतून तिच्यात सोडा. विहीर नसेल तर शोषखड्डा, पण नागपुरात एक अडचण आहे. बऱ्याच भागांत वर काळी भारी माती आहे. ती ओली झाली की फुगून बंद होते आणि खड्ड्यात नुसतं डबकं साचतं. खड्डा त्या मातीच्या खाली, मुरमापर्यंत गेला पाहिजे. कंत्राटदार चार फुटांवर थांबला तर त्याला पैसे देऊ नका.

सोलरसाठी पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, असं जास्तीत जास्त 78 हजारांचं अनुदान आहे. एक किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. पायरी 1 मधला तुमचा फेब्रुवारीचा आकडा आणि मेचा आकडा यांच्या मधलं कुठलं तरी माप घ्या. मेच्या आकड्यावर विकत घेतलंत तर आठ महिने जास्तीची पॅनल छतावर बसून राहतील. आणि जितका उकाडा जास्त तितकी वीज जास्त हा गैरसमज. पॅनल तापलं की त्याची क्षमता उतरते, त्यामुळे मेपेक्षा मार्चच्या गार, लख्ख दिवसांत ते जास्त जोमाने चालतं. धूळ आठवड्याला पुसायची, सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी मारायचं नाही.

पॅनल बसवण्याआधी स्लॅबची गळती बघून घ्या, नंतर खाली हात जात नाही. आणि पाइप विहिरीला जोडलात तर पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडा. त्यात वर्षभराची धूळ, कबुतरांची घाण आणि तुमचा मार्चमधला चुना असतो. मी पाइपला साधा टी (तीन तोंडांचा जोड) आणि झाकण लावलंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्लॅब झाडून होतो, झाकण उघडं ठेवते, आणि तिसऱ्या सरीला सासूबाई खालून ओरडतात, "बंद केलं का गं?"